फेयनोर्डचा सार्वकालिक संघ : निवडीच्या नोंदी

11 जानेवारी

आम्हा तीन मित्रांत डच फुटबॉल क्लबांची वाटणी झाली. आइंडहोवनवाल्याने पीएसव्ही उचलला, पुण्यातल्या मित्राने नेहमीप्रमाणे आयाक्स, आणि मी रॉटरडॅमला राहतो म्हणून फेयनोर्ड माझ्याकडे आला. दिला नसता तर भांडून घेतला असता. प्रत्येकाने आपल्या क्लबचा 22 जणांचा सार्वकालिक संघ काढायचा. अकरा मैदानात, अकरा बाकावर, एक प्रशिक्षक. प्रत्येक नावापुढे कारण लिहायचं. मग तिन्ही याद्या समोरासमोर ठेवून यथेच्छ वाद घालायचा.

आयाक्सवाल्याचं बरं आहे, त्याला फक्त कुणाला वगळायचं एवढंच ठरवायचंय. माझी अडचण वेगळी. क्लब 1908 चा, लीगची 16 विजेतेपदं, युरोपियन कप जिंकणारा पहिला डच क्लब हाच. पण जगाला ठाऊक असलेली फेयनोर्डची नावं बघितली तर निम्मी इथून गेल्यावर मोठी झाली आणि काही मोठी होऊन उतारवयात इथं आली. क्रायफ, गुलिट, लार्सन, फान पर्सी, कूमन, डुडेक. ही सगळी नावं घातली की पोस्टर देखणं होईल, पण तो फेयनोर्डचा संघ होणार नाही.

म्हणून पहिला नियम आजच लिहून ठेवतो: या क्लबच्या लाल-पांढऱ्या जर्सीत जे केलं तेवढंच धरायचं. बार्सिलोनात, मिलानमध्ये, ग्लासगोत काय केलं ते बाहेर.

14 जानेवारी

एक्सेलमध्ये तक्ता उघडला. नाव, जागा, हंगाम, लीग सामने, गोल, या क्लबसोबतचे करंडक. "शेरा" नावाचा रकाना ठेवलाय, तोच सगळ्यात आधी भरतोय.

दुसरा नियम: किमान दोन पूर्ण हंगाम. एका हंगामात कुणीही चमकू शकतं. आयाक्सवाल्याने लगेच विचारलं, "म्हणजे क्रायफ बाहेर?" त्याला एवढ्यात उत्तर देत नाही.

तिसरा नियम मनात आहे, तो असा की संघ खेळता आला पाहिजे. सहा स्ट्रायकर आणि चार दहा नंबर (खेळ रचणारे) घेऊन यादी भारदस्त दिसते, पण चेंडू काढून कोण घेणार? प्रशिक्षकाचा प्रश्न त्यामुळे आधीच सुटतो. एर्न्स्ट हापेल, 1969 ते 1973. ऑस्ट्रियाचा माणूस, हेगच्या क्लबातून इथं आला आणि पहिल्याच हंगामात युरोप जिंकला. त्याची 4-3-3 (चार बचावात, तीन मधे, तीन पुढे) हीच माझी चौकट.

17 जानेवारी

गोलकीपर. एडी पीटर्स ग्राफलांड, एडी ट्राइटेल, एड डे खुई. एडींचा क्लब आहे की काय.

ट्राइटेल 1968 ते 1979. लोकांना त्याची एकच गोष्ट आठवते: नोव्हेंबर 1970 मध्ये स्पार्टाच्या मैदानावर त्याने मारलेल्या गोलकिकने उडता सीगल खाली पाडला. बिचाऱ्याने तीन लीग आणि 1974 चा यूएफा कप जिंकला, आणि नावापुढे उरला तो पक्षी. तरी पहिला नंबर पीटर्स ग्राफलांडचा. 1958 मध्ये आयाक्सकडून आला (हे पुण्याला ठळक अक्षरात कळवायचं), तीन लीग विजेतेपदांचा आधार झाला. 1970 च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यासाठी हापेलने हंगामभर खेळलेल्या ट्राइटेलला बसवलं आणि 36 वर्षांच्या या गृहस्थाला उभं केलं. असा निर्णय घ्यायला छाती लागते. फसला असता तर हापेलला शहरात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

डुडेक 1999 चा विजेता, उत्तम कीपर. पण त्याचं नाव घेतलं की सगळ्यांना इस्तंबूल आठवतं, 2005 चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, आणि इस्तंबूल लिव्हरपूलचं. डे खुईने 1993 ची लीग जिंकून दिली आणि डचांच्या राष्ट्रीय संघाचा पहिला कीपर तो इथूनच झाला. तिसरा तो.

19 जानेवारी

आज कापाकापी. हेन्रिक लार्सन 1993 ते 1997 इथं होता. कधी विंगवर, कधी मधे, कधी पुढे. त्याला नक्की कुठं खेळवायचं हे चार वर्षांत ठरलं नाही. ते ग्लासगोच्या सेल्टिकला ठरलं. त्याला तिकडे नेलं कुणी? विम यान्सनने, म्हणजे फेयनोर्डच्याच माणसाने. लार्सन बाहेर.

रॉबिन फान पर्सी. रॉटरडॅमचा पोरगा, 18 व्या वर्षी यूएफा कपच्या अंतिम सामन्यात सुरुवातीपासून खेळला, शेवटी परत येऊन 2018 चा डच कप उंचावला. मधली चौदा वर्षं मात्र इंग्लंड आणि तुर्कस्तानची. बाहेर, पण हात थरथरला.

शिंजी ओनो. उरावाहून 2001 मध्ये आला आणि पहिल्याच वर्षी यूएफा कप. चेंडू त्याच्या पायाला लागला की आवाज येत नसे. आशियातला म्हणून माझा जीव त्याच्यात थोडा जास्त अडकतो हे कबूल. पण मधल्या फळीतली गर्दी बघितली की त्याला जागा नाही.

24 जानेवारी

क्रायफचं प्रकरण आज निकालात काढायचं.

1983 ची गोष्ट. आयाक्सला वाटलं 36 वर्षांच्या माणसाशी नवा करार कशाला. क्रायफ चिडला आणि थेट फेयनोर्डला आला. इथल्या लोकांनाही तो नको होता, स्टेडियममध्ये त्याच्याविरुद्ध फलक लागले. सप्टेंबरमध्ये अ‍ॅमस्टरडॅमला आयाक्सने 8-2 असं धुतलं. पुढे? परतीच्या सामन्यात डे काउपवर, म्हणजे फेयनोर्डच्या स्टेडियमवर, 4-1, लीग फेयनोर्डची, डच कपही फेयनोर्डचा. क्रायफ 33 लीग सामने खेळला, 11 गोल केले आणि निवृत्त झाला. सूड असा घ्यावा, शांतपणे, वर्षभर, दर रविवारी.

आता नियम काय म्हणतो? एक हंगाम. बाहेर.

पुण्याचा मित्र म्हणतो, "अरे, क्रायफ मिळत असताना घेत नाहीस? शुद्धीवर आहेस का?" त्याला त्याची स्वतःची यादी निर्धोक करायची आहे असंही नाही, त्याला खरंच आश्चर्य वाटतंय. मी बराच वेळ अपवादाची पळवाट शोधत होतो: बाकावर घेऊ, बाविसावा घेऊ, मानाचा पाहुणा म्हणून घेऊ. पण एकदा दार किलकिलं केलं की कूमन येणार, मग लार्सनही येणार. आणि मुख्य म्हणजे 1984 चा दुहेरी विजय हा एकट्या क्रायफचा नव्हता. कर्णधार बेन वाइनस्टेकर्स होता, गोल पेटर हाउटमन करत होता (नंतर डे काउपच्या माइकवरून संघ जाहीर करणारा आवाज त्याचाच), आणि गुलिट पंख फुटल्यासारखा धावत होता. क्रायफला वगळून त्या संघाचा मान राखता येतो: वाइनस्टेकर्स उजवा बॅक म्हणून थेट अकरात.

नियम मोडला नाही. झोप मात्र नीट लागली नाही.

1 फेब्रुवारी

6 मे 1970, मिलानचं सान सिरो मैदान, युरोपियन कपचा अंतिम सामना, सेल्टिकविरुद्ध. अख्खा सामना बघितला, एक्स्ट्रा टाइमसकट.

सेल्टिक 1967 चे विजेते, उपांत्य फेरीत लीड्सला हरवून आलेले. कागदावर सामना त्यांचाच होता. फेयनोर्डही रस्त्यात गतविजेत्या एसी मिलानला काढून आलं होतं, पण ते कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. 30 व्या मिनिटाला सेल्टिकच्या गेमेलचा गोल. दोन मिनिटांत रिनस इस्राएलचं हेडर, 1-1. तिथून पुढं जे दिसतं ते मी वाचून होतो, पण बघितल्याशिवाय पटत नाही. मधल्या फळीतले तिघं, विम यान्सन, फ्रान्ट्स हासिल आणि विलेम फान हानेघम, सेल्टिकला चेंडूच देत नाहीत.

फान हानेघम पळत नाही, चालतो. कुबड काढल्यासारखा वाकून. डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने तीस-चाळीस मीटरचा चेंडू असा वळवतो की तो धावणाऱ्या माणसाच्या पुढ्यात जाऊन थांबतो. कुणी अंगावर आलं की आधी आपलं अंग मधे घालतो, मग चेंडूकडे बघतो. त्याच्या शेजारी यान्सन त्याच्या वाटणीचंही पळतोय. हासिल दोघांच्या पुढे, मोकळ्या जागेत, सतत मान वळवून मागे बघत. तिघांची कामं तीन, एकाचंही दुसऱ्यावर चढत नाही.

117 व्या मिनिटाला मागून लांब चेंडू येतो. सेल्टिकचा मॅकनील मागे सरकता सरकता तोल जाऊन चेंडूला हात लावतो. पंच शिट्टी वाजवत नाहीत. उवे किंडवाल पेनल्टी मागत थांबत नाही, पुढे जातो आणि बाहेर आलेल्या कीपरच्या डोक्यावरून चेंडू अलगद टाकतो. 2-1. तीन वेळा मागे नेऊन बघितलं. दुसरा कुठलाही स्ट्रायकर तिथं हात वर करून पंचांकडे वळला असता.

निर्णय: ही तिघांची मधली फळी मी फोडणार नाही. प्रत्येकाहून सरस माणूस शोधता येईल. या तिघांहून सरस त्रिकूट इथं झालं नाही.

2 फेब्रुवारी

कालच्याला पुरवणी. फान हानेघमचं वाचत बसलो. जन्म फेब्रुवारी 1944, ब्रेस्केन्स, झीलंड. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झालेल्या बॉम्बफेकीत वडील आणि घरातली कितीतरी माणसं गेली. 1974 च्या वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीकडून हरल्यावर तो रडत मैदानाबाहेर गेला, आणि त्या एका सामन्याचं दुःख त्याला इतरांहून वेगळं का होतं हे त्याने कधी लपवलं नाही.

दुसरीकडे हाच माणूस मार्सेयहून बोलावणं आलं तेव्हा निर्णय होईना म्हणून कुत्र्यावर सोडतो. कुत्रा भुंकला नाही, म्हणून रॉटरडॅमलाच राहिला, अशी गोष्ट सांगतात. 1993 मध्ये प्रशिक्षक म्हणूनही लीग जिंकली. ती निकषात बसत नाही, पण लिहून ठेवतो.

यान्सनचं उलटं. पंधरा वर्षं इथं, दोन वर्ल्ड कपचे अंतिम सामने खेळला, आणि 1980 मध्ये आयाक्सकडून डे काउपवर उतरला तेव्हा प्रेक्षकांतून आलेला बर्फाचा गोळा थेट डोळ्यावर बसला. लोकांनी नंतर त्याला माफ केलं, म्हणजे उलट त्याने लोकांना केलं असं म्हटलं पाहिजे. प्रशिक्षक होऊन आला आणि 1991, 1992 असे लागोपाठ दोन डच कप दिले.

5 फेब्रुवारी

पुक फान हेल. इथं माझं घोडं अडलंय.

1923 ते 1940, एकच क्लब. 1924 पासून 1938 पर्यंत चार लीग विजेतेपदं. राष्ट्रीय संघातून 64 सामने, हा विक्रम पार 1979 पर्यंत टिकला, मग रूड क्रोलने मोडला. डे काउपच्या पायाचा पहिला खांब 1935 मध्ये ठोकला गेला तेव्हा मान त्याला मिळाला होता. म्हणजे स्टेडियमच त्याच्या हातचं.

पण त्याचा खेळ मी बघू कुठं? डेल्फेर या संकेतस्थळावर जुनी डच वर्तमानपत्रं वाचतोय, माझ्या डच भाषेच्या वेगाने, म्हणजे बैलगाडीने. सामन्यांची वर्णनं लांबलचक आहेत आणि त्यांतून एवढं कळतं की डाव्या हाफबॅकच्या जागी खेळायचा, चेंडू अचूक द्यायचा, आणि 64 सामन्यांत गोल शून्य. त्याच्या काळी दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड अशी मांडणी. तो हापेलच्या चौकटीत कुठं बसेल? फान हानेघमच्याच जागेवर.

न बघितलेल्या माणसाला बघितलेल्याच्या जागी बसवणं मला जमणार नाही. बाकावर, पण बाकावरच्या पहिल्या खुर्चीवर. युद्धापूर्वीचा एकच माणूस यादीत आहे हे मला खटकतं. बास पाउवेचंही नाव दोन दिवस रेंगाळलं होतं. उपाय सुचला नाही.

8 फेब्रुवारी

रविवार म्हणून ट्रामने एरास्मस पूल ओलांडून दक्षिणेला गेलो. स्टेडियमजवळ कून मूलैनचा पुतळा आहे, 2009 मध्ये तो हयात असतानाच उभारलेला. चेंडू पायाशी, अंग एका बाजूला झुकलेलं. शिल्पकाराने बरोबर तोच क्षण पकडलाय. मूलैनची चाल एकच: डाव्या कडेला चेंडू घेऊन उभा राहायचा, आत शिरतोय असं खांद्याने दाखवायचा, बॅक आत सरकला की बाहेरून निसटायचा. सगळ्या देशाला ती ठाऊक होती. सतरा वर्षं बॅक मंडळी तरीही आतच सरकत राहिली. 1955 ते 1972, 487 लीग सामने, पाच विजेतेपदं.

एवढा सौम्य माणूस एकदाच चिडला. सप्टेंबर 1965, युरोपियन कप, रेआल माद्रिद इथं आलेलं. रेआलच्या मिएराने त्याला लाथाडलं आणि मूलैन अख्ख्या मैदानभर त्याच्या मागे धावला. सामना फेयनोर्डने 2-1 जिंकला. परतीला माद्रिदमध्ये 5-0 हरले ते सोडा.

डावीकडे पुढे तो, यावर वाद नाहीच. त्याच्या मागे कोण? सगळे म्हणणार जियोव्हानी फान ब्रॉन्कहोर्स्ट. पण बार्सिलोनाचा चॅम्पियन्स लीग करंडक, आर्सेनलची विजेतेपदं आणि 2010 मधला उरुग्वेविरुद्धचा तो गोल बाजूला काढला तर खेळाडू म्हणून फेयनोर्डसोबत त्याच्या नावावर लीग एकही नाही. प्रशिक्षक म्हणून आहे, 2017 ची. कॉर फेल्डहून 1956 ते 1968 मूलैनच्या मागे उभा राहिला आणि त्यात 1961, 1962, 1965 च्या लीग आल्या. मूलैन बिनघोर पुढे जायचा तो मागे फेल्डहून आहे म्हणून. फेल्डहून अकरात, फान ब्रॉन्कहोर्स्ट बाकावर. यावर शिव्या पडणार, पडू देत.

1970 चा डावा बॅक तेओ फान डाउफनबोडे मात्र बाविसांतही नाही. तोही आयाक्सने सोडलेला, आणि वर्षभरात युरोपियन विजेता. पुण्याला कळवायच्या गोष्टींची यादी वाढतेय.

12 फेब्रुवारी

मधले दोन बचावपटू. रिनस इस्राएल कर्णधार, चर्चा संपली. दुसऱ्या जागी तेओ लासेरोम्स की विम राइसबर्गेन? लासेरोम्स 1970 चा, अंगावर येणारा. राइसबर्गेन वेगवान, 1974 च्या यूएफा कपच्या अंतिम लढतीत टॉटेनहॅमविरुद्ध घरच्या सामन्यात गोल करणारा. इस्राएल काही चपळ नव्हता, तेव्हा शेजारी पळणारा हवा. राइसबर्गेन. लासेरोम्स आणि 1993 चा जॉन डे वोल्फ बाकावर, पीट रोमाइन उजव्या बाजूला राखीव.

आइंडहोवनवाल्याने विचारलं, "24 ऑक्टोबर 2010 च्या बचावफळीतलं कुणी घेतोयस का?" पीएसव्हीने त्या दिवशी 10-0 केलं होतं. मी त्याला आठवण दिली की 1988 चा युरोपियन कप त्यांनी शेवटच्या पाच सामन्यांतला एकही न जिंकता नेला होता. सगळ्या बरोबऱ्या, शेवटी पेनल्टी. त्यावर त्याने अंगठा पाठवला.

15 फेब्रुवारी

स्ट्रायकर. इथं मात्र श्रीमंती आहे.

किंडवाल: 144 लीग सामन्यांत 129 गोल, तीनदा लीगमध्ये सर्वाधिक गोल, आणि सान सिरो. कॉर फान डर खाइप: लीगमध्ये 177 गोल, 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धातला आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीचा. पीएर फान होइडोंक: दोन हंगामांत लीगचे 52 गोल. डिर्क काउट: पहिल्या खेपेत 101 सामन्यांत 71, दुसऱ्या खेपेत आणखी 31.

फान होइडोंकची 2002 ची यूएफा कप मोहीम बघताना फ्री किक मिळाली की अख्खं डे काउप उभं राहायचं, पेनल्टी असल्यासारखं. 8 मेला अंतिम सामना योगायोगाने घरच्याच मैदानावर, डॉर्टमुंडविरुद्ध. एक पेनल्टी, एक फ्री किक, दोन्ही त्याच्या, तिसरा टोमासनचा, 3-2. दोन दिवस आधी पिम फोर्टाउन या रॉटरडॅमच्याच राजकारण्याची हत्या झाली होती. शहराला धड आनंदही करता आला नाही, धड शोकही.

काउटचं एकच दुपार पुरेशी आहे. 14 मे 2017. आधीच्या रविवारी एक्सेल्सियरकडे जाऊन 3-0 हरले, हातची लीग लांबली. शेवटच्या दिवशी हेराक्लेस समोर. पहिल्याच मिनिटात काउट, मग पुन्हा काउट, मग पेनल्टीवर काउट. 3-1, अठरा वर्षांनी लीग, आणि तीन दिवसांत निवृत्ती. 2023 ची लीगही 14 मेलाच पक्की झाली. रॉटरडॅमसाठी ही तारीख साधी नाही. 1940 मध्ये त्याच दिवशी जर्मन बॉम्बफेकीत शहराचा मध्यभाग जळून गेला होता.

अकरात किंडवाल. बाकी तिघंही बाविसांत. चार स्ट्रायकर म्हणजे माझ्या तिसऱ्या नियमाशी थोडी लबाडी आहे, पण काउट विंगवरही खेळायचा, तिथं तो खपवतो.

18 फेब्रुवारी

उजवी विंग रिकामीच होती. 1970 चा हेंक वेरी प्रामाणिक, पळणारा. डावीकडे मूलैन आणि उजवीकडे वेरी म्हणजे तराजू एकीकडे कलतो. गॅस्टन ताउमेंट, पेटर रेसेल, दोघांचंही तेच.

गुलिट! हार्लेमहून 1982 मध्ये आला, तीन हंगाम, 85 लीग सामने, 31 गोल, 1984 चा दुहेरी विजय. मागे, मधे, उजवीकडे पुढे, सगळीकडे खेळला. मिलान वगळून, बॅलन डी'ऑर वगळून, नुसत्या रॉटरडॅमच्या हिशेबावर तो दोन्ही नियमांत बसतो. मी त्याला पहिल्या दिवशी "बाहेर मोठे झालेले" या रांगेत टाकलं होतं आणि तक्त्यात त्याच्या ओळीकडे परत बघितलंही नव्हतं. उजवीकडून तो आत आला की वाइनस्टेकर्सला वर यायला मोकळी वाट. वेरी राखीव.

मधल्या फळीत एक जागा उरली होती, ती 1999 आणि 2002 च्या पॉल बोसफेल्टला. कुणालाही त्याबद्दल काही म्हणायचं नाही, आणि बोसफेल्टचं आयुष्यभर असंच झालं.

22 फेब्रुवारी

पाठवली.

पीटर्स ग्राफलांड, वाइनस्टेकर्स, इस्राएल, राइसबर्गेन, फेल्डहून, यान्सन, हासिल, फान हानेघम, गुलिट, किंडवाल, मूलैन.

बाकावर ट्राइटेल, डे खुई, रोमाइन, लासेरोम्स, डे वोल्फ, फान ब्रॉन्कहोर्स्ट, फान हेल, बोसफेल्ट, वेरी आणि काउट, फान होइडोंक, फान डर खाइप. मोजले तर बारा निघाले. डे वोल्फला कमी केलं. तिसऱ्या राखीव बचावपटूपेक्षा चौथा स्ट्रायकर मला जास्त प्यारा आहे, तिसरा नियम गेला खड्ड्यात.

कर्णधार इस्राएल. फ्री किक डावीकडून फान हानेघम, फान होइडोंक मैदानात असला तर बाकी सगळ्या त्याच्या.

पुण्याहून उत्तर आलं, "फेल्डहून कोण?" त्याला सविस्तर लिहितोय. आइंडहोवनवाल्याची यादी अजून आलेली नाही, तो रोमारिओ की रोनाल्डो यावरच बसलाय.